जुन्या सिल्व्हराडोचे बीसीएम: बदलण्याआधी काय तपासावे आणि बदलताना काय सांभाळावे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे २००४ सालची शेवरले सिल्व्हराडो १५०० आहे, ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, वापरलेली घेतलेली आणि पहिल्यापासून ओहायोतच चाललेली. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या चार तक्रारी आहेत: इंजिन कधी कधी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि सिक्युरिटीचा दिवा पेटलेला दिसतो, दार लावल्यावरही केबिनमधला दिवा विझत नाही, दारांची कुलुपे आपोआप खटखटतात, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. गॅरेजवाल्याने बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम (केबिनमधली विजेची कामे सांभाळणारा छोटा संगणक), गेल्याचे सांगितले आहे, आणि भंगारातून निघालेले स्वस्त बीसीएम स्वतः बसवले तर गाडी चालेल का, असे तुम्ही विचारता.

मी शेजारच्या मिशिगनमध्ये गाड्यांच्या विद्युत दोषांचेच काम करतो आणि १९९९ ते २००६ या पिढीचे शेवरले व जीएमसी ट्रक माझ्याकडे सतत येतात. त्या अनुभवावरून सांगतो की बीसीएम बसवता येईल का, हा इथला अवघड भाग नाही. डॅशबोर्डखालचे आवरण सोडवून एक डबा काढणे आणि दुसरा लावणे हे कोणत्याही हातखंडा असलेल्या माणसाला जमते. अवघड भाग दोन आहेत. बीसीएम खरोखर गेले आहे हे कोणी आणि कशावरून ठरवले, हा पहिला. आणि नवे बीसीएम बसवल्यावर त्याला या गाडीची ओळख कोण करून देणार, हा दुसरा. तुमच्या लिहिण्यात गॅरेजमध्ये कुठलेही मोजमाप घेतल्याचा उल्लेख नाही, म्हणून मी पहिल्या भागावर जास्त वेळ घालवणार आहे.

या ट्रकमध्ये केबिनचे दिवे, कुलुपे, हेडलाइटचे आपोआप लागणे, किल्ली काढल्यावर काही मिनिटे रेडिओ आणि काचा चालू ठेवणे आणि चोरीपासून संरक्षण ही सगळी कामे बीसीएमच्या मार्फत चालतात. त्यामुळे यातले काहीही बिघडले की बोट त्याच्याकडेच जाते. पण बीसीएम स्वतःहून फारसे काही करत नाही. दाराच्या स्विचने जे सांगितले, कॉन्टॅक्टच्या, म्हणजे किल्लीच्या, स्विचने जे सांगितले, त्यावरून ते निर्णय घेते. खबर चुकीची आली तर निर्णय चुकीचा होतो आणि दोष मात्र निर्णय घेणाऱ्याच्या माथी येतो. वीस वर्षे जुन्या गाडीत स्विच, तार आणि अर्थिंग या तिन्ही गोष्टी मॉड्यूलच्या कितीतरी आधी झिजतात, हे माझे ठाम मत आहे.

म्हणून पहिले काम असे करा की चारही तक्रारी एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात का, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवा. पाऊस होता का, थंडी किती होती, बॅटरी नुकतीच चार्ज केली होती का, हेही लिहा. सगळ्या तक्रारी जोडीने येत असतील तर कारण सामायिक आहे: बीसीएमचा पुरवठा, त्याचे अर्थिंग, ओल किंवा खुद्द बीसीएम. प्रत्येक तक्रार आपापल्या वेळी येत असेल तर एकाच गाडीत तीन-चार छोटे दोष आहेत असे समजा. जुन्या ट्रकमध्ये हे मुळीच दुर्मीळ नाही.

आता एकेक तक्रार घेऊ. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडणे आणि सोबत सिक्युरिटीचा दिवा, ही पासलॉक यंत्रणेची खूण आहे. तुमच्या गाडीच्या किल्लीत चिप नाही. ओळख पटवणारा सेन्सर किल्ली फिरते त्या कुलपाच्या घरात बसवलेला आहे. कुलूप फिरले की सेन्सर बीसीएमला ठरावीक व्होल्टेज देतो. बीसीएमला ते ओळखीचे वाटले तर ते इंजिनाच्या संगणकाला एक सांकेतिक संदेश पाठवते आणि मगच इंधन चालू राहते. या साखळीचा कोणता दुवा तुटला ते स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांत साठलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, सांगू शकतो, पण स्कॅनर फक्त इंजिनाचे नव्हे तर बीसीएमचेही कोड वाचणारा हवा. बीसीएममध्ये बी २९६० हा कोड असेल तर सेन्सरकडून आलेली खबर पटलेली नाही. अशा वेळी कुलपाचा सेन्सर आणि स्टिअरिंग कॉलममधून खाली येणाऱ्या त्याच्या बारीक तारा तपासायच्या, बीसीएम नव्हे. इंजिनाच्या संगणकात पी १६३१ असेल तर संदेश पोहोचला पण चुकीचा होता. पी १६२६ असेल आणि सोबत यू १०६४, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड असेल, तर बीसीएम त्या क्षणी बोलतच नव्हते. हा शेवटचा प्रकार दिसला तरच माझा संशय बीसीएमकडे, आणि त्याच्याही आधी त्याच्या वीजपुरवठ्याकडे, वळतो.

केबिनच्या दिव्यासाठी सर्वांत आधी हेडलाइटच्या स्विचजवळचे प्रकाश कमी-जास्त करण्याचे चाक बघा. ते टोकापर्यंत वर फिरवले की केबिनचे दिवे मुद्दाम लागतात. ते ठीक असेल तर स्कॅनरवर बीसीएमची चालू माहिती उघडा आणि एकेक दार उघडून-लावून बघा. दार उघडे की लावलेले हे सांगणारा स्विच दाराच्या लॅचमध्येच असतो, आणि मीठ, धूळ व वाळलेले ग्रीस यांमुळे तो अडकतो. दार लावलेले असताना पडद्यावर ‘उघडे’ असे दिसत राहिले तर बीसीएम बिचारे बरोबरच वागते आहे. लॅचमध्ये साफ करण्याचा स्प्रे भरपूर मारून, दार अनेकदा उघडून-लावून, नंतर थोडे वंगण दिल्यावर बहुतेक लॅच सुधारतात.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. दिवा चुकून लागून राहिला तरी काही मिनिटांनी त्याचा पुरवठा आपोआप तोडावा, अशी बॅटरी वाचवण्याची सोय बीसीएममध्ये असते. तुमचा दिवा रात्रभर जळत असेल, तर एक तर स्विच सतत लागतो-सुटतो आणि दर वेळी ती मुदत नव्याने सुरू होते, किंवा बीसीएमच्या आतला दिवा चालवणारा भाग अडकला आहे. पडद्यावर दाराची नोंद स्थिर ‘बंद’ असूनही दिवा जळत असेल, तर तो बीसीएमच्या विरुद्धचा सबळ पुरावा मी मानतो.

कुलुपांच्या खटखटीबद्दल आणि बॅटरीबद्दल एकत्र सांगतो, कारण कमी व्होल्टेजवर या गाडीतली मॉड्यूल विचित्र वागतात आणि बॅटरी उतरलेली असतानाची लक्षणे निदानाला निरुपयोगी असतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कुठल्याही सुटे भाग विकणाऱ्या दुकानात तिची भारावर चाचणी करून घ्या आणि मगच पुढची मोजणी करा. थोडा हिशेबही करून बघा. ७० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल तर गाडी उभी असताना साधारण एक अँपिअर किंवा अधिक वीज कुठेतरी जाते आहे. सर्व मॉड्यूल झोपल्यावर या गाडीने साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत राहायला हवे. एक अँपिअर म्हणजे एखाद-दुसरा जळता दिवा, किंवा झोपायला तयार नसलेली काही मॉड्यूल.

ही चोरवीज मोजताना लोक एकेक फ्यूज उपसतात. तसे करू नका. फ्यूज काढून लावला की मॉड्यूल जागी होतात आणि तुमचे निरीक्षण बिघडते. दार उघडे ठेवून लॅच पेचकसाने बंद स्थितीत फिरवा, म्हणजे गाडीला दार लावलेले वाटेल. किल्ली काढा, गाडीला निदान अर्धा तास हात लावू नका, आणि मग मल्टीमीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर टोके टेकवा. ज्या फ्यूजवर शून्य नाही त्यातून वीज वाहते आहे. त्या फ्यूजवर काय काय आहे ते वायरिंग डायग्राममध्ये बघितले की शोध दोन-तीन वस्तूंवर येतो. नंतर बसवलेले अलार्म, दूरवरून गाडी सुरू करण्याची किट आणि रेडिओ यांचा संशय जरूर घ्या. जुन्या मालकाने काय जोडले होते ते तुम्हाला माहीत नसते.

यानंतर बीसीएमचा पुरवठा आणि अर्थिंग. नुसता टेस्ट-लॅम्प पेटला म्हणजे अर्थिंग चांगले, असे नसते. हेडलाइट, पंखा, मागची काच तापवणारी तार हे सगळे चालू करून बीसीएमच्या अर्थिंगची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधला व्होल्टेजचा फरक मोजा. तो ०.१ व्होल्टच्या आसपास असावा, ०.२ च्या वर गेला की अर्थिंगचे बोल्ट उघडून, घासून, पुन्हा आवळायची वेळ आली. माझे पहिले काम कोकणातल्या गाड्यांवर झाले. तिथे खारी हवा आणि पाऊस जे करतात तेच ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ करते. ड्रायव्हरच्या दाराखाली चेसीवर जे अर्थिंगचे बोल्ट आहेत ते वरून जागेवर दिसतात, पण उघडले की तारेच्या टोकाखाली तपकिरी भुकटी निघते.

ओलीचाही मागोवा घ्या. या ट्रकमध्ये केबिनच्या मागे वर असलेल्या तिसऱ्या ब्रेकलाइटची गॅस्केट कडक होते आणि पाणी छताच्या अस्तरातून मागच्या गालिच्यात उतरते. पुढच्या काचेचा चिकटवलेला कडा सुटला असेल तर पाणी डावीकडच्या खांबातून डॅशबोर्डच्या टोकाला असलेल्या फ्यूजबॉक्सवर येते, आणि तिथून खालच्या कनेक्टरमध्ये. गालिचा हाताने दाबून बघा. बीसीएमचे कनेक्टर काढाल तेव्हा टॉर्च धरून पिना नीट पहा: हिरवी भुकटी, काळवंडलेली पीन किंवा मागे सरकलेले टर्मिनल दिसले तर ते आधी दुरुस्त करा. पाणी कुठून येते ते न शोधता नवे बीसीएम लावणे म्हणजे तेही भिजायला ठेवणे.

राहिली संदेशाची तार. या गाडीतली मॉड्यूल क्लास-२ नावाच्या एकेरी तारेवरून सेकंदाला सुमारे १०.४ हजार बिटच्या वेगाने बोलतात. स्कॅनर लावायच्या सॉकेटची २ क्रमांकाची पीन ही ती तार. ४ आणि ५ अर्थिंग, १६ वर बॅटरीचा धन पुरवठा. तारेवर शांतता असताना शून्य व्होल्ट आणि बोलताना सुमारे ७ व्होल्टपर्यंतचे ठोके असतात, त्यामुळे कॉन्टॅक्ट चालू केल्यावर मीटर मधलेच हलते आकडे दाखवतो. ती शून्यावर थिजली असेल किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर चिकटली असेल तर कुठले तरी मॉड्यूल किंवा सोललेली तार सगळ्यांचा आवाज दाबते आहे, आणि ते बीसीएमच असेल असे नाही. डॅशबोर्डखाली या तारांचे जोडकेंद्र आहे. त्यावरची दातेरी पट्टी उपसली की सगळी मॉड्यूल एकमेकांपासून सुटतात आणि एकेकाला वेगळे जोडून दोषी सापडतो. हे काम वायरिंग डायग्राम समोर ठेवूनच करावे.

एक खुलासा वाटेतच करतो, कारण या गाडीच्या मालकांकडून मी तो प्रश्न वारंवार ऐकतो. स्पीडोमीटर किंवा तेलाच्या दाबाचा काटा भलतेच दाखवत असेल तर त्याचा बीसीएमशी संबंध नाही. २००३ ते २००६ च्या क्लस्टरमधल्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या संचातल्या, काट्यांच्या छोट्या मोटरी खराब होतात, हा प्रसिद्ध आणि वेगळा दोष आहे.

आता समजा, हे सगळे झाले. पुरवठा चांगला, अर्थिंग चांगले, पिना स्वच्छ, तार बोलती, दारांच्या नोंदी बरोबर; आणि तरीही बीसीएम मधूनच गप्प होते, किंवा त्याचा एखादा आउटपुट अडकतो. मग ते गेले, असे मी लिहून देईन. पुढचा मार्ग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. माझी पहिली पसंती तुमचेच बीसीएम दुरुस्त करून घेण्याला आहे. मॉड्यूल टपालाने मागवून, दुरुस्त करून परत पाठवणारे व्यावसायिक इथे आहेत. तुमचाच डबा परत आला तर त्यातली गाडीची ओळख बहुधा तशीच राहते आणि पुढचे बरेचसे सोपस्कार टळतात. गाडी आठवडाभर उभी ठेवणे शक्य नसेल तर मात्र हा मार्ग गैरसोयीचा आहे.

वापरलेले घ्यायचे तर लेबलवरचा पार्ट नंबर अगदी जुळला पाहिजे. नुसते ‘सिल्व्हराडो, २००४’ एवढे पुरेसे नाही, कारण साध्या आणि जास्त सोयींच्या गाड्यांना वेगवेगळी बीसीएम येत. तुमच्या ग्लोव्हबॉक्सच्या आत तीन-तीन अक्षरांच्या कोडांनी भरलेले एक लेबल असेल. त्यातले एयू३ म्हणजे विजेवर चालणारी कुलुपे, ए३१ म्हणजे विजेवर चालणाऱ्या काचा. त्या लेबलचा फोटो काढून ठेवा, कारण नव्या बीसीएमला या गाडीत काय काय आहे ते याच कोडांवरून सांगावे लागते. भंगारातल्या डब्यात दुसऱ्याच गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, असतो; तो न बदलता वापरल्यास काही सोयी बंद राहू शकतात आणि मूळ रेडिओ स्वतःला कुलूप लावून बसू शकतो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे बीसीएम कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ओडोमीटरची मात्र काळजी नको. या गाडीत चाललेले अंतर क्लस्टरमध्ये साठवलेले असते.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम मी थोडक्यात सांगतो. बॅटरीचे ऋण टोक सोडा आणि काही मिनिटे थांबा, कारण स्टिअरिंग कॉलमजवळ एअरबॅगच्या तारा आहेत. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका आणि त्यांत मीटरची टोके खुपसू नका. गुडघ्यांपुढचे आवरण स्क्रूंवर आणि क्लिपांवर असते. गाडी थंडीत उभी असेल तर आधी केबिन गरम करा, कारण जुने प्लॅस्टिक गारठले की क्लिपा तुटतात. कनेक्टर काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या. नवे मॉड्यूल हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

नवे बीसीएम लागल्यावर दोन गोष्टी, आणि याच क्रमाने. आधी त्याची मांडणी: जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) टेक-२ या प्रोग्रॅमिंगच्या यंत्राने किंवा त्या तोडीच्या दुसऱ्या यंत्राने व्हीआयएन आणि लेबलवरचे पर्याय त्यात भरणे. बाजारातला साधा कोड-वाचक हे करू शकत नाही. तुमच्याकडे यंत्र नसेल तर घरी येऊन प्रोग्रॅमिंग करणारा माणूस बोलवा, आणि त्याला यायच्या आधीच विचारा की वापरलेल्या मॉड्यूलवर तो काम करतो का. सगळे करत नाहीत. या वेळी बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा मेंटेनर लावा. भरताना मधेच व्होल्टेज पडले तर नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते, आणि साध्या चार्जरचा खडबडीत पुरवठाही तितकाच घातक आहे.

त्यानंतर पासलॉक. नव्या बीसीएमचा सांकेतिक संदेश इंजिनाच्या संगणकाला अनोळखी असतो, त्यामुळे इंजिन सुरू होऊन बंद पडणार, हे अपेक्षित आहे. घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. किल्ली स्टार्टपर्यंत फिरवून ‘ऑन’वर सोडा. सिक्युरिटीचा दिवा लागलेला राहील. साधारण दहा मिनिटांनी तो विझेल. मग किल्ली बंद करून अर्धा मिनिट थांबा. हे एकूण तीन वेळा करा, म्हणजे सुमारे अर्धा तास लागेल. शेवटी किल्ली बंद करून नेहमीप्रमाणे गाडी सुरू करा. या अर्ध्या तासात पंखा, रेडिओ, हेडलाइट बंद ठेवा आणि मेंटेनर लावलेलाच असू द्या. यंत्राने शिकवल्यास हेच काम एका दहा मिनिटांच्या फेरीत होते. एवढे करूनही इंजिन बंद पडत राहिले आणि बी २९६० परत आला, तर दोष पहिल्यापासून कुलपाच्या सेन्सरमध्येच होता.

थोडक्यात क्रम असा: आठवड्याची नोंद, बॅटरीची चाचणी, कोड, दारांचे स्विच, चोरवीज, अर्थिंग, ओल, संदेशाची तार, आणि त्यानंतरच बीसीएम. तुमच्या वर्णनावरून, मोजमापे हातात नसताना, माझा अंदाज ड्रायव्हरच्या दाराच्या लॅचचा आणि पासलॉकच्या तारांचा आहे, पण पी १६२६ आणि यू १०६४ जोडीने निघाले तर मी तो लगेच बदलेन.

बीसीएम बदललेच, तर सगळे कोड पुसून दोन दिवस गाडी चालवा, पुन्हा कोड वाचा आणि उभ्या गाडीची चोरवीज परत मोजा. ती ५० मिलीअँपिअरच्या आत आल्याशिवाय आणि गाडी एकदा पूर्ण आठवडा न हलवता उभी राहून पहिल्या फटक्यात सुरू झाल्याशिवाय जुने बीसीएम कोणालाही परत देऊ नका. त्यावर तुमच्या गाडीचा मूळ पार्ट नंबर आहे आणि दोष दुसरीकडे निघाला तर तेच परत लावावे लागेल.